उत्तरेची अरण्ये आणि वहीबाहेरचा खर्च

२०२३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले. भर दुपारी तिन्हीसांजेचा भास झाला, विमानांची उड्डाणे खोळंबली आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी ती छायाचित्रे पहिल्या पानावर छापली. तो धूर शेकडो मैल दूर असलेल्या कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अरण्यांतून आला होता. पुढे वारा फिरला, न्यूयॉर्कचे आकाश निवळले आणि बातमीही आतल्या पानांवर जाऊन दिसेनाशी झाली. अरण्ये मात्र जळतच राहिली. ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी यलोनाइफ रिकामी करावी लागली. वीस हजारांच्या आसपास माणसांनी घरदार मागे टाकून मोटारींनी आणि विमानांनी गाव सोडले. हंगाम संपला तेव्हा सुमारे दीड कोटी हेक्टर अरण्य जळून गेले होते. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरांहून थोडे अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. एरवी कॅनडात वर्षाकाठी सरासरीने वीस-पंचवीस लाख हेक्टर अरण्य जळते.

या आगींतून मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या निरीक्षणांवरून मांडला आणि तो २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो भरला सुमारे ६५ कोटी टन. दगडी कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षभरात याहून अधिक कार्बन हवेत सोडणारे देश जगात तीनच आहेत : चीन, अमेरिका आणि भारत. रशिया, जपान, जर्मनी यांच्यासारखे उद्योगप्रधान देशही या यादीत खाली राहतात. इतके असूनही कॅनडाने जागतिक करारानुसार उत्सर्जन कमी करण्याचे जे उद्दिष्ट स्वीकारले आहे, त्याच्या हिशेबात ही रक्कम धरली जात नाही. वणवा ही नैसर्गिक आपत्ती, तिचा भार सरकारच्या नावावर टाकता येत नाही, असा नियम आहे; आणि तो आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत बसतो, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी कचेरीत चार वर्षे वह्या लिहिल्या आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जमा वहीत आहे आणि खर्च वहीबाहेर.

उत्तरेच्या अरण्यांविषयी बोलायचे तर हा जमाखर्चच आधी तपासला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही अरण्ये म्हणजे काय, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात 'तैगा' हा शब्द येतो, त्यापुढे 'सूचिपर्णी वृक्ष, थंड हवामान, लाकूडतोड हा व्यवसाय' एवढी तीन पदे येतात आणि प्रकरण संपते. अलास्कापासून कॅनडा ओलांडून, पुढे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि अफाट सैबेरिया असा हा पट्टा पृथ्वीच्या माथ्याभोवती मुंडाशासारखा गुंडाळलेला आहे. जगातील एकूण वनक्षेत्राचा चौथा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, या पट्ट्यात आहे. वृक्षांच्या जाती मात्र थोड्या : स्प्रूस, पाइन, फर, लार्च, आणि मधून मधून बर्च व अ‍ॅस्पन. सह्याद्रीच्या एखाद्या देवराईत दोन-चार एकरांत जितके प्रकार मोजता येतील, तितके तिकडे हजार मैल चालूनही भेटणार नाहीत.

पण त्या अरण्याची खरी संपत्ती वर दिसत नाही, ती जमिनीत आहे. आपल्याकडे सागाचे पान जमिनीवर पडले की वाळवी, बुरशी आणि पाऊस मिळून त्याची माती व्हायला वेळ लागत नाही. उत्तरेत पडलेली सुई वर्षानुवर्षे कुजत नाही. थंडी आणि ओल यांमुळे ती दबून राहते, तिच्यावर शेवाळ चढते, त्यावर आणखी सुया पडतात, आणि अशा हजारो वर्षांच्या थरांतून कार्बनची ठेव साठत जाते. दलदलीच्या भागांत ती अनेक फूट खोल असते. याशिवाय सैबेरिया, अलास्का आणि उत्तर कॅनडा यांतील विस्तीर्ण भूभाग कायमचा गोठलेला आहे, आणि उत्तर ध्रुवाकडील त्या गोठलेल्या मातीत मिळून सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, असा अंदाज आहे. आज पृथ्वीच्या वातावरणात जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट. थंडी हे या तिजोरीचे कुलूप आहे. ते कुलूप आता सैल होत आहे.

याविषयीचा इशारा काही आजचा नाही. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ स्वान्टे अऱ्हेनियस याने १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून दाखवून दिले होते की, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. गंमत अशी की, त्या गृहस्थाला या शक्यतेने आनंद झाला होता. तो थंड देशाचा रहिवासी. पुढे लिहिलेल्या पुस्तकात त्याने, येणाऱ्या पिढ्यांना, विशेषतः थंड प्रदेशांतील माणसांना, अधिक सौम्य हवामान लाभेल आणि पिके वाढतील, अशी आशा व्यक्त केली. ती आशा पुढे शंभर वर्षे टिकून राहिली. २००३ मध्ये मॉस्कोत भरलेल्या हवामानविषयक परिषदेत राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनीही, दोन-तीन अंश उष्मा वाढला तर रशियाचे फारसे बिघडणार नाही, उलट फरच्या कोटांवरचा खर्च वाचेल, अशा आशयाचा विनोद केला होता.

या आशेला शास्त्रीय आधार अजिबात नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवाई बेटातील मौना लोआ या पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा ते प्रमाण दर दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. त्याने काढलेली चढती रेषा सरळ नाही, करवतीच्या दात्यांसारखी आहे. उत्तर गोलार्धात उन्हाळा आला की झाडे वाढतात, कार्बन शोषतात आणि रेषा खाली येते. हिवाळ्यात पुन्हा वर जाते. पुढे कीलिंगच्याच निदर्शनास आले की हे दाते मोठे होत चालले आहेत, म्हणजे उत्तरेतील वनस्पतींचा श्वास खोल होत आहे. १९९७ मध्ये रंगा मायनेनी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की, १९८१ ते १९९१ या काळात उत्तरेकडील प्रदेशांतील हिरवाई खरोखरच वाढली होती आणि वाढीचा हंगाम लांबला होता. तेव्हा उष्म्याने अरण्याला लाभ होईल, हे म्हणणे केवळ स्वप्नरंजन नव्हते. ते अर्धेच खरे होते, आणि अर्ध्या सत्याने हिशेब चुकतात.

उरलेला अर्धा भाग पाण्याचा आहे. हवा तापली की ती अधिक बाष्प ओढून घेते. कॅनडातील वनाग्नितज्ज्ञांनी याचे एक ढोबळ माप सांगितले आहे : तापमान एका अंशाने वाढले तर जमिनीवरचा बारीक पाचोळा पूर्वीइतकाच ओला राहण्यासाठी पाऊस पंधरा टक्क्यांहून अधिक वाढावा लागतो. इतका पाऊस तिकडे वाढलेला नाही. शिवाय उत्तर ध्रुवाकडील प्रदेश १९७९ नंतर जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. लांबलेला हंगाम झाडाच्या वाढीसाठी लांबतो तसा आगीसाठीही लांबतो. बर्फ लवकर वितळते, पाचोळा लवकर वाळतो, आणि वीज पडायला वेळ लागत नाही. कॅनडात जळणाऱ्या क्षेत्राचा फार मोठा भाग विजेने लागलेल्या आगींचा असतो.

येथे 'भाकित' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडे हवामानखात्याचे अंदाज हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विनोदाचा विषय आहे. उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही, ते २१०० सालचे काय सांगणार, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत हमखास विचारला जातो. प्रश्न चतुर आहे, पण गैरलागू आहे. अमुक दिवशी अमुक होईल असे सांगणे हे ज्योतिषाचे काम. हवामानशास्त्रज्ञ जे मांडतात ते सशर्त विधान असते : तुम्ही इतके इंधन जाळलेत तर इतके तापेल. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात अशी पाच निरनिराळी विधाने केली. उत्सर्जन वेगाने शून्यावर आणले तर या शतकाच्या अखेरीस तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने १.४ अंशांनी अधिक राहील. ते बेसुमार वाढू दिले तर ४.४ अंशांनी. या दोहोंमधला फरक निसर्गाने ठरवायचा नाही, माणसांनी ठरवायचा आहे. हवामानखात्याच्या पावसाच्या अंदाजात आपण बदल करू शकत नाही. यात करू शकतो. दोन्ही गोष्टींना एकच शब्द वापरल्याने पुष्कळ घोटाळा झाला आहे.

अशा सशर्त विधानांपैकी एक उत्तरेच्या अरण्यांविषयीचे आहे. माइक फ्लॅनिगन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये असे मांडले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड तिपटीवर गेला तर या शतकाच्या अखेरीपर्यंत कॅनडातील जळणारे वार्षिक क्षेत्र ७४ ते ११८ टक्क्यांनी वाढेल, म्हणजे साधारण दुप्पट होईल. तेव्हा हे भडक वाटले असेल. कार्बन डायऑक्साइड अजून तिप्पट काय, दुप्पटही झालेला नाही, आणि २०२३ मध्ये सरासरीच्या सहा-सात पट क्षेत्र जळले. एका वर्षावरून सरासरी ठरत नाही, ही हरकत योग्यच आहे. सरासरीविषयीचे विधान एका वाईट वर्षाने खरेही ठरत नाही आणि खोटेही. परंतु २०२५ मध्ये पुन्हा ऐंशी लाखांहून अधिक हेक्टर जळाले, तेव्हा त्या हरकतीतला जोर थोडा ओसरला. शास्त्रज्ञ अतिशयोक्ती करतात, हा आरोप ज्यांनी तीस वर्षे केला, त्यांनी निदान उत्तरेच्या अरण्यांपुरता तो मागे घ्यायला हरकत नाही. इथे चूक झालीच असेल तर ती दुसऱ्या बाजूला झाली आहे.

ती कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आगीचे नाही, एका भुंग्याचे आहे. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. तेथील लॉजपोल पाइन वृक्षांवर जगणारा, तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा आहे. तो काही परदेशातून आलेला नाही, तिथलाच आहे, आणि म्हातारी व दुबळी झाडे मारणे हे त्याचे अरण्यातले नेमून दिलेले काम. मादी सालीखाली शिरून अंडी घालते. जाताना आपल्याबरोबर एक बुरशी नेते, ती लाकडाला निळसर करते आणि झाडाचे पाणी तोडते. एकटादुकटा भुंगा आला तर झाड राळ ओतून त्याला बुडवते. म्हणून ते गंधाने एकमेकांना हाक मारून झुंडीने येतात. दुसऱ्या उन्हाळ्यात झाड तांबडे होते आणि मग करडे.

या सगळ्याला लगाम घालणारी गोष्ट एकच होती : कडाक्याची थंडी. हिवाळ्यात पारा काही दिवस उणे चाळीसच्या जवळ गेला की सालीखालच्या अळ्या मरत. १९९० नंतरच्या दशकात असे हिवाळे येईनासे झाले. त्यात भर पडली माणसाच्या एका सद्हेतूची. जवळजवळ शतकभर तिथल्या वनखात्याने प्रत्येक वणवा विझवण्याचे धोरण चालवले होते, त्यामुळे एकाच वयाच्या, पिकलेल्या पाइनची रानेच्या राने उभी होती. भुंग्याला मेजवानी मिळाली. पाहता पाहता एक कोटी ऐंशी लाख हेक्टर क्षेत्रात तो पसरला आणि प्रांतातील विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून अधिक लाकूड उभ्या उभ्या मेले. २००६ मध्ये तो रॉकी पर्वत ओलांडून मोठ्या संख्येने अल्बर्टात उतरला आणि पुढे जॅक पाइन या, त्याला पूर्वी न भेटलेल्या जातीत शिरला. जॅक पाइनचा पट्टा थेट पूर्व किनाऱ्याकडे जातो. प्रारंभी लाकूडगिरण्यांना मेलेले लाकूड कापून भरभराट आली, आणि ते संपल्यावर अनेक गिरण्यांना टाळे लागले. एका उद्योगावर उभी असलेली गावे मोडली.

कॅनडाच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ वर्नर कुर्झ यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये या प्रकरणाचा हिशेब मांडला. २००० ते २०२० या काळात त्या प्रदेशातून भुंग्यामुळे २७ कोटी टन कार्बनचे नुकसान होईल आणि कार्बन शोषणारे अरण्य कार्बन सोडणारे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या लेखातील खरी बोच दुसरीकडे आहे. हवामानाच्या मोठमोठ्या गणिती प्रतिमानांमध्ये तोवर किड्यांचा विचारच केलेला नव्हता. तापमान होते, पाऊस होता, झाडाची वाढ होती. झाड खाणारा कोणी नव्हता. वर्गात गणित शिकवणाऱ्यांना हे पटेल की उत्तर चुकण्याचे कारण बहुधा आकडेमोडीत नसते, उदाहरण मांडताना काय सोडून दिले त्यात असते.

सैबेरियाची कथा याहून मोठी आणि याहून कमी सांगितलेली आहे. याकूतिया प्रांतातील वेर्खोयान्स्क हे गाव थंडीसाठी प्रसिद्ध होते. १८९२ मध्ये तिथे उणे ६७.८ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्याच गावात २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला आणि जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी त्या नोंदीवर शिक्कामोर्तब केले. त्या भागात गोठलेल्या जमिनीवर लार्चची अरण्ये उभी आहेत. खालचे बर्फ सुटले की झाडे दारू प्यायलेल्या माणसांसारखी वेडीवाकडी कलतात. बाटागाय गावाजवळ १९६० नंतर काही अरण्य तोडले गेले. सावली गेली, जमीन तापली, खचली, आणि खचतच राहिली. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीचे विवर आहे आणि ते अजून रुंदावते आहे. अरण्य हे त्या तिजोरीवरचे पांघरूणही असते, हे यावरून दिसते. २०२१ मध्ये याकूतियात लागलेल्या आगींचा धूर उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचला. काही आगी तर हिवाळ्यातही विझत नाहीत; बर्फाखाली मातीतल्या कुजट थरात धुमसत राहतात आणि वसंतात पुन्हा तोंड वर काढतात. रशियाने २०१५ मध्ये नियमच केला की, वस्तीपासून दूरच्या प्रदेशांत आग विझवण्याचा खर्च होणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक असेल तर ती विझवली नाही तरी चालेल. हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा दिसतो. मात्र 'नुकसान' या सदरात कार्बनची किंमत शून्य लावलेली आहे.

दुसरी बाजू असलेच तर ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अलास्कात काळ्या स्प्रूसची राने जळून गेल्यावर अनेक ठिकाणी बर्च आणि अ‍ॅस्पन ही रुंद पानांची झाडे उगवली. ती लवकर वाढतात, त्यांना आग सहजासहजी लागत नाही, आणि काही ठिकाणी ती पूर्वीच्या अरण्याइतका, क्वचित त्याहून अधिक कार्बन साठवतील, असे २०२१ च्या एका अभ्यासात म्हटले आहे. हिवाळ्यात त्यांची पाने गळतात, त्यामुळे खालचे पांढरे बर्फ उघडे राहून सूर्यप्रकाश परतवते. गडद सूचिपर्णी अरण्य तो शोषून घेते. उत्तरेत जिथे-तिथे झाडे लावत सुटणे हा उपाय का नव्हे, हेही यावरून कळते. अलास्काच्या उत्तर भागात पांढरा स्प्रूस दर दशकाला चार किलोमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत असल्याचे २०२२ मध्ये आढळले. अरण्य सरकते आहे, हे खरे. पण बीजाने पडायचे, रुजायचे, वाढायचे आणि पुन्हा बीज धरायचे, याला दशके लागतात. आग ते अंतर एका दुपारी कापते. जगभरच्या अरण्यांचा तीन दशकांचा ताळेबंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उत्तरेच्या अरण्यांची कार्बन शोषण्याची क्षमता एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचे नमूद आहे. सगळ्या नफ्या-तोट्यांची बेरीज झाल्यावरची ही शिल्लक आहे.

आता पुन्हा वहीकडे वळू. कॅनडाचा युक्तिवाद असा : वणवा लागतो, पुढे त्या जागी नवे रान येते आणि गेलेला कार्बन परत शोषला जातो; दीर्घकाळात बेरीज शून्य. स्थिर हवामानात हे बरोबर होते. आग दर शंभर-दीडशे वर्षांनी येत असेल तर उधारी फिटते. ती तीस वर्षांनी परत येऊ लागली तर आधीचे कर्ज फिटायच्या आतच नवे कर्ज होते. जुन्या हवामानासाठी लिहिलेला नियम नव्या हवामानात चालवला जात आहे, एवढेच म्हटले तरी पुरे. पण त्यात आणखी एक मौज आहे. जळालेल्या जागी उगवलेले रान तोडण्याजोगे झाले की त्यानंतरची त्याची वाढ मात्र पुन्हा सरकारी हिशेबात जमा धरली जाते. म्हणजे आग निसर्गाची आणि झाड सरकारचे.

फिनलंडने असली सवलत घेतली नाही, आणि त्याची फजिती अधिक बोधप्रद आहे. त्या देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग अरण्याने व्यापलेला. २०३५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा कायदा त्याने २०२२ मध्ये केला. जगातील सर्वांत धीट उद्दिष्टांपैकी हे एक. त्यामागचे गणित असे होते की, कारखाने आणि मोटारी जे सोडतील त्यातील मोठा भाग अरण्ये शोषून घेतील. परंतु २०२१ च्या हिशेबातच तेथील जमीन आणि अरण्ये मिळून शोषकाऐवजी उत्सर्जक ठरली. लाकूडतोड वाढली होती, झाडांची वाढ मंदावली होती, आणि लाकडासाठी पूर्वी निचरा केलेल्या दलदलीच्या मातीतून कार्बन बाहेर पडत होता. आग लागली नाही, भुंगा आला नाही, तरी ठेव आटली. ज्या ठेवीवर कर्ज काढायचे तीच बँकेत उरली नाही, असा हा प्रसंग आहे.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. एक संबंध वाचकांच्या हातातच आहे. आपल्या देशातील वृत्तपत्रांचा कागद मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येतो, आणि रशिया व कॅनडा हे त्याचे प्रमुख पुरवठादार राहिले आहेत. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर इथल्या वृत्तपत्रांचे कागदाचे खर्च कसे भडकले, हे त्या व्यवसायातील मंडळी विसरलेली नाहीत. पण याहून महत्त्वाचा संबंध हिशेबाचा आहे. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ तीस टक्के भाग जगातील जमीन आणि वनस्पती आजवर फुकट शोषत आल्या आहेत. ही सवलत उत्तरेत कमी झाली तर कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या उष्म्यातही तिची भर पडणार, कारण हवेला सरहद्द नाही.

आणि आपली स्वतःची वही? २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी भारताने असे वचन दिले की, २०३० पर्यंत वने आणि वृक्ष यांच्याद्वारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइडची जादा साठवण केली जाईल. आता कॅनडाच्या त्या एका उन्हाळ्याकडे पुन्हा पाहा. ६५ कोटी टन कार्बन म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे २३७ कोटी टन. आपण पंधरा वर्षांत जे साठवायचे ठरवले, त्याच्या खालच्या मर्यादेला भिडणारी रक्कम तिकडे पाच महिन्यांत उडाली आणि तिची नोंद कोणाच्याही नावावर झाली नाही. जागतिक परिषदांमध्ये भारताचे प्रतिनिधी श्रीमंत देशांना त्यांच्या जुन्या उत्सर्जनाचा जाब विचारतात, तो योग्यच आहे. त्यांनी आता हाही प्रश्न विचारला पाहिजे की, अरण्याच्या नावावर जमा दाखवणाऱ्या देशाने त्याच अरण्याची आग उद्दिष्टाच्या हिशेबात का घेऊ नये.

तो प्रश्न विचारण्याआधी घरची वहीही उघडावी लागेल. आपल्या वनस्थिती अहवालाच्या व्याख्येप्रमाणे, एक हेक्टरहून अधिक जमिनीवर दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछाया असली की ती जमीन वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची आणि झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. त्यामुळे कोकणातील हापूसची बाग आणि तिच्यामागच्या डोंगरावरचे जुने रान बेरजेत एकाच सदरात बसू शकतात. बाग वाईट असे कोणी म्हणत नाही. पण रान तुटले आणि बाग लागली तर आकडा तसाच राहतो, आणि रानाच्या मातीत काय होते ते कुठेच लिहिलेले नसते. नैसर्गिक वन, लागवड आणि फळबागा यांची तीन वेगळी सदरे करणे, आणि दर उन्हाळ्यात जळालेल्या वनक्षेत्राच्या कार्बनचे चौथे सदर त्यांच्याशेजारी मांडणे, हे काम केंद्रीय वनखात्याला पुढच्या अहवालापासून करता येण्याजोगे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि उपग्रह तर आपल्याकडे आहेतच.